लिलावाची पेठ : आधी आलेला आणि पुढे गेलेला

उन्हाळी कांदा काढून, पात कापून, निवड करून झाली की अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शेतकऱ्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो : माल न्यावा कोठे? नेवाशाच्या शेतकऱ्याला घोडेगाव जवळ, राहुरीच्या शेतकऱ्याला वांबोरी जवळ, नगर तालुक्यातील व पारनेरच्या पुष्कळ गावांना नेप्तीचा उपबाजार सोयीचा. कोपरगावच्या शेतकऱ्याचे लक्ष मात्र हद्दीपलीकडे, लासलगावच्या भावाकडे लागलेले असते. आता ह्या यादीत आणखी एका पेठेची भर पडली आहे. ही पेठ संगणकावर व हातातल्या फोनवर भरते. तिला ओटा नाही, फाटक नाही आणि वारही नाही. ह्या नव्या पेठेने जुन्या पेठा मोडीत निघतील असे काही जण सांगतात, तर कांदा डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणी घेणार नाही असे दुसरे म्हणतात. दोन्ही मते उतावळेपणाची आहेत. लिलावाची पेठ कशावर उभी राहते आणि कशाने मोडते हे नीट पाहिले, तर गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्याला शेतकऱ्याशी अधिक उपयोगाचे बोलता येईल.

प्रथम लिलावात भाव कसा ठरतो ते पाहू. समजा, एका ढिगापुढे चार व्यापारी उभे आहेत. त्या मालाला क्विंटलमागे पहिला जास्तीत जास्त १,९०० रुपये देण्यास तयार आहे, दुसरा १,७५०, तिसरा १,६०० आणि चौथा १,५००. उघड बोली सुरू झाली म्हणजे १,५०० ला चौथा गप्प होईल, १,६०० ला तिसरा आणि १,७५० ला दुसरा. त्याच्या थोडे वर पहिल्याच्या नावाने सौदा तुटेल. पहिला १,९०० देणारा होता, परंतु त्याला ते द्यावे लागत नाहीत. दुसऱ्याला मागे टाकण्यापुरतेच द्यावे लागतात. आता दुसरा व्यापारी त्या दिवशी आलाच नाही असे धरा. सर्वांत चढा गिऱ्हाईक तोच, माल तोच, तरी सौदा १,६०० च्या आसपास तुटेल. क्विंटलमागे सुमारे दीडशे रुपये गेले. पन्नास क्विंटलांच्या मालात हा फरक साडेसात हजारांचा होतो, आणि तो केवळ एक माणूस गैरहजर राहिल्याने. म्हणून शेतकऱ्याच्या भावाचा खरा राखणदार माल घेणारा व्यापारी नव्हे, तर त्याच्या शेजारी उभा राहून हरणारा दुसरा व्यापारी होय. तो हरणाराच पेठेत नसेल, किंवा असूनही घेणाऱ्याशी संगनमत करून मुका राहिला, तर लिलाव नावापुरताच उरतो.

लिलाव उघड असावा ह्यासाठी ह्या प्रांतात दीर्घकाळ प्रयत्न झाले आहेत. वऱ्हाडात १८९७ च्या कापूस व धान्य बाजार कायद्याने नियंत्रित बाजाराचा पाया घातला गेला. मुंबई इलाख्यात १९३९ साली शेती उत्पन्न बाजाराचा कायदा झाला आणि १९६३ साली महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आला. रुमालाखाली बोटे दाबून भाव करण्याची जी हत्ता पद्धत होती, तिला ह्या कायद्यांनी आळा घातला. कारण रुमालाखालच्या भावात दुसरा व्यापारी काय देत होता हे शेतकऱ्याला कधीच कळत नसे.

खरेदीदारांची गर्दी असेल तेथे भाव चांगला. भाव चांगला असेल तेथे गाड्या जातात. गाड्या असतील तेथे खरेदीदार येतात. हे चाक एकदा फिरू लागले की आपोआप फिरत राहते. ज्या गावी ते प्रथम फिरले त्या गावाला पुढच्यांवर मोठी आघाडी मिळते. निफाड तालुक्यातील लासलगाव हे ह्याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण आहे. तेथील बाजार समिती १९४७ सालची. गाव रेल्वेमार्गावर असल्याने कांदा दूरच्या प्रांतांत धाडण्याची सोय होती. व्यापाऱ्यांची खळी, हमाल, वाहतूकदार, बारदानवाले ही सगळी मंडळी तेथे वसली. नाफेडसारख्या सहकारी संस्थेची खरेदीही ह्याच टापूत होत आली. ह्या सर्वांहून मोठी गोष्ट अशी की, देशात कांद्याचा भाव सांगायचा झाला की लासलगावचाच सांगितला जातो. इतर बाजारांतील व्यापारीसुद्धा सकाळी तेथील भाव पाहून आपली बोली ठरवतो. पेठेचे नावच मापाचे वजन होऊन बसले. ही आघाडी नुसत्या नव्या इमारतीने किंवा नव्या यंत्राने हिरावून घेता येत नाही.

तसे असूनही लासलगावने सर्व कांदा गिळलेला नाही. त्याच निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंतची मोठी पेठ उभी आहे. लासलगाव रेल्वेवर, तर पिंपळगाव मुंबई-आग्रा महामार्गावर. मालाची वाहतूक वाघिणीतून ट्रककडे वळू लागली तसा रस्त्यावरच्या गावाला वाव मिळाला. नगर जिल्ह्यातील घोडेगाव नगर-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर आहे आणि जनावरांच्या बाजारासाठीही प्रसिद्ध आहे. जेथे गाड्यांची व माणसांची ये-जा आधीपासून आहे तेथे नवा लिलाव रुजवणे ओसाड माळावर रुजवण्यापेक्षा सोपे असते. पुष्कळदा ह्याच्या उलट केले जाते. गावाबाहेर स्वस्त जागा मिळते, ओटे बांधले जातात, नारळ फुटतो, भाषणे होतात आणि पुढल्या हंगामात त्या ओट्यांवर शेळ्या रवंथ करताना दिसतात. ओटा बांधणे हे काम सोपे आहे. कठीण काम पहिल्या दिवशी दहा व्यापारी आणि दोनशे गोण्या एकाच वेळी त्या ओट्यापाशी आणण्याचे असते.

लहान पेठ मोठीच्या शेजारी का टिकते ह्याचे एक कारण अंतर व भाडे हे आहेच. कर्जत-जामखेडच्या शेतकऱ्याने लासलगावचा भाव ऐकून ट्रक भरला तर वाढीव भाव डिझेलमध्येच जाईल. परंतु दुसरे कारण अधिक विचार करण्यासारखे आहे. समजा, मोठ्या पेठेत १०० खरेदीदार व १,००० गाड्या आहेत आणि लहान पेठेत १० खरेदीदार व १०० गाड्या. दोन्हीकडे एका खरेदीदाराच्या वाट्याला दहा गाड्याच येतात. मोठ्या पेठेत खरेदीदार अधिक तसे शेतकऱ्याशी चढाओढ करणारे शेतकरीही अधिक. म्हणून पेठेच्या थोरवीपेक्षा त्या दिवशी मालाच्या मानाने बोलणारी माणसे किती, हा प्रश्न शेतकऱ्याच्या कामाचा आहे. मात्र ह्या हिशेबालाही मर्यादा आहे. खरेदीदार तीन-चारावर आले की त्यांचे आपसांत जमते, आणि मग प्रमाण कितीही चांगले असले तरी शेतकरी बुडतो.

आठवडे बाजारांचे वार ठरवणाऱ्या जुन्या माणसांना हे मर्म अवगत होते. एका गावी सोमवार, शेजारच्या गावी बुधवार, तिसऱ्या गावी शनिवार असे वार वाटून दिलेले असत, म्हणजे तोच व्यापारी तिन्ही ठिकाणी पोहोचू शके. शेजारच्या बाजार समित्यांनी एकमेकींचे गिऱ्हाईक पळवण्यासाठी एकाच दिवशी लिलाव लावला, तर व्यापारी विभागले जातात आणि दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचे नुकसान होते. वार वाटून घेतले तर थोडे व्यापारीसुद्धा प्रत्येक ठिकाणी दाट दिसतात. उपबाजारांची संख्या वाढवल्याचे श्रेय घेणाऱ्यांनी ह्या साध्या गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

आता संगणकावरील लिलावाकडे वळू. हा उद्योग जगात साऱ्यांच्या देखत वाढला आणि त्यात कोण तरला, कोण बुडाला हे नोंदलेले आहे. अमेरिकेत ई-बे नावाची लिलावाची पेठ सप्टेंबर १९९५ मध्ये पीएर ओमिद्यार ह्या तरुणाने सुरू केली. तिच्या काही महिने आधी ऑनसेल नावाची पेठ निघाली होती, म्हणजे ई-बे सर्वांत पहिली नव्हती. ऑनसेलमध्ये माल बहुतांशी दुकानदारीच्या पद्धतीने पेठच विकत असे. ई-बेने मात्र कोणीही विकावे, कोणीही घ्यावे असा चौक मोकळा केला आणि विकणारे व घेणारे दोन्ही प्रथम तेथे जमले. पुढे १९९८ साली याहूने व १९९९ साली ॲमेझॉनने, दोन्ही गडगंज कंपन्यांनी, आपापले लिलाव उघडले. याहूने तर आरंभी विकणाऱ्याकडून शुल्कही घेतले नाही. तरी विकणारे ई-बेला शुल्क देऊन तेथेच राहिले, कारण बोली तेथे होती. फुकट ओट्यावर गिऱ्हाईक नसेल तर तो ओटा महागच पडतो. ॲमेझॉनला लिलावाचा नाद सोडावा लागला आणि याहूने अमेरिकेतील आपली लिलावाची पेठ २००७ साली बंद केली.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, जो आधी जमवतो तोच जिंकतो. जपान व चीन ह्या देशांत काय घडले ते पाहिल्यावर तसे म्हणता येत नाही. जपानात याहूची पेठ सप्टेंबर १९९९ मध्ये निघाली आणि ई-बे तेथे २००० सालच्या आरंभी पोहोचली. पाच-सहा महिन्यांचाच उशीर. परंतु याहूने तेथे आरंभी शुल्क घेतले नाही आणि ई-बेने घेतले. शिवाय क्रेडिट कार्डाची अट घातली. २००२ साली ई-बेने जपानातून काढता पाय घेतला. अमेरिकेत जो आधीचा होता तो जपानात मागाहूनचा ठरला, आणि त्याचे जगभरचे नाव तेथे कामास आले नाही. लिलावाच्या पेठेत आधी येण्याचे मोल त्या त्या ठिकाणापुरते असते. लासलगावचे नाव मोठे म्हणून लासलगावचा व्यापारी घोडेगावात भाव पाडू वा चढवू शकेल, पण घोडेगावची गर्दी त्याच्या नावावर होत नाही.

चीनमधील प्रकार तर अधिकच उद्बोधक आहे. तेथे ईचनेट नावाची पेठ १९९९ साली निघाली आणि पहिली म्हणून वाढली. ई-बेने २००२ साली तिच्यात भाग घेतला व २००३ साली ती पूर्ण विकत घेतली. आधी आलेला, भांडवलवाला आणि जगात नावाजलेला, असे तिन्ही गुण तिच्या पदरी होते. त्याच २००३ सालच्या मे महिन्यात अलिबाबा कंपनीने ताओबाओ उघडली. तिने विकणाऱ्याकडून शुल्क घेतले नाही. घेणाऱ्याचे पैसे मध्यस्थाकडे ठेवून, माल पोहोचल्याची खात्री झाल्यावरच ते विकणाऱ्याला देण्याची अलिपेची व्यवस्था केली. घेणारा व विकणारा ह्यांना आपसांत बोलण्याची सोय ठेवली. तीन वर्षांत पारडे फिरले आणि डिसेंबर २००६ मध्ये ई-बेने तेथील आपली पेठ बंद करून कारभार एका चिनी भागीदाराकडे सोपवण्याचे जाहीर केले. हे अमेरिकेत घडले नाही आणि चीनमध्ये घडले, ह्याचे कारण असे दिसते की, अमेरिकेत गर्दी आधीच जमून गेली होती. चीनमध्ये बहुतेक गिऱ्हाईक अद्याप घराबाहेर पडायचे होते. आधी आलेल्याची पकड जमलेल्या गर्दीवर असते. जी गर्दी अजून जमायची आहे तिच्यावर त्याचा हक्क नसतो. आणि अशी नवी माणसे फुकट ओट्यापेक्षाही पैसे बुडणार नाहीत ह्या भरवशाने येतात.

भारतातील अनुभवही नोंदण्याजोगा आहे. मुंबईत २००० साली अवनीश बजाज व सुवीर सुजान ह्यांनी बाझी डॉट कॉम ही लिलावाची पेठ काढली. ती ह्या क्षेत्रात देशात अग्रेसर होती. २००४ साली ई-बेने ती सुमारे पाच कोटी डॉलरना घेतली. पुढे देशातील गिऱ्हाईक लिलावाऐवजी ठरीव किमतीच्या दुकानांकडे वळले. २०१७ साली ई-बेचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती पेठ बंद झाली. फ्लिपकार्टचा जन्मच मुळी २००७ सालचा. आधी येऊन गर्दी जमवली तरी गिऱ्हाइकाची सवय बदलली की पेठ रिकामी होऊ शकते.

शेतमालाच्या बाबतीत कर्नाटकाने २०१४ साली एकत्रित बाजाराची व्यवस्था उभी करून बाजार समित्यांतील लिलाव संगणकावर आणला. केंद्र शासनाने १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, अर्थात ई-नाम, आठ राज्यांतील २१ बाजारांत सुरू केला. पुढे जोडलेल्या बाजारांची संख्या १,३०० च्या वर गेली. राज्यभर चालणारा एकच व्यापारी परवाना, बाजार शुल्क एकाच ठिकाणी आणि संगणकावर बोली, ह्या तीन गोष्टी राज्यांच्या कायद्यात आणण्याची अट त्यासाठी घालण्यात आली. योजनेचा विचार योग्य दिशेचा आहे. दुसरा व्यापारी ओट्यापाशी नसला तरी दूरच्या गावाहून बोलू शकावा, म्हणजे वर सांगितलेले दीडशे रुपये शेतकऱ्याच्या पदरात पडावेत, हेच त्याचे सार आहे. अबोल बोलीमुळे शेजाऱ्याच्या भिडेने मुके राहण्याचा प्रकारही कमी व्हावा.

परंतु जोडलेल्या बाजारांची संख्या म्हणजे जोडलेले खरेदीदार नव्हेत. संगणकावर बोली लावणारे जर त्याच आवारातील तेच व्यापारी असतील, तर बदलले ते एवढेच की पूर्वी ते ओरडत, आता बोटाने दाबतात. एका बाजारातील मालावर दुसऱ्या बाजारातील, त्यातही दुसऱ्या राज्यातील, व्यापाऱ्याने बोली लावण्याचे प्रमाण एकूण उलाढालीच्या मानाने अल्पच राहिले आहे. ह्यात शेतकऱ्याचे अज्ञान शोधण्याची रीत सोडून द्यावी. शेतकरी हिशेबी आहे. न पाहिलेल्या मालाच्या प्रतीची हमी कोण देणार, माल उतरल्यावर तक्रार झाली तर निवाडा कोण करणार आणि पैसे आज मिळणार की आठ दिवसांनी, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे आडत्याजवळ, बरी-वाईट कशी का होईना, असतात. नव्या पेठेने ती आडत्यापेक्षा चांगली दिल्यावाचून शेतकरी जागचा हलणार नाही, आणि हलूही नये.

कांद्याच्या बाबतीत हे विशेष अवघड आहे. नगर जिल्ह्यात कांदा बहुधा निवडून, गोणीत भरून येतो. एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, जोड असे वर्ग पडतात. नाशिककडे तो बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मोकळा येतो आणि व्यापारी ट्रॉलीवर चढून, हाताने उकरून पाहतो. रंग, पत्ती, मान, ओल, टिकाऊपणा हे एका छायाचित्रात मावत नाही. उलट हरभरा, तूर, सोयाबीन ह्या कोरड्या मालाचा ओलावा यंत्राने मोजता येतो, काडीकचरा शेकड्यात सांगता येतो आणि माल गोदामात पडून राहू शकतो. एप्रिल २०२० मध्ये ई-नाममध्ये गोदामातील मालाचा व शेतकरी उत्पादक संस्थांच्या मालाचा व्यापार करण्याची सोय जोडली गेली, ती ह्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नव्या पेठेने लासलगावच्या कांद्याशी पहिल्याच दिवशी झुंज घेण्यापेक्षा, ज्या मालाची गर्दी अजून कोठेच जमलेली नाही, जो गावागावांत दोन-दोन पोत्यांनी विखुरलेला आहे, तेथे आरंभ करणे शहाणपणाचे होईल. ताओबाओला जे रान मोकळे मिळाले तसे रान येथे कडधान्यांत आहे. शेतकरी उत्पादक कंपनीने पाच गावांचा हरभरा चाळून, एका प्रतीचा दोनशे क्विंटलांचा ढीग केला तर दूरच्या डाळमिलला त्यावर बोली लावण्यात रस वाटेल. दोन पोत्यांवर कोणी दूरचा बोलत नाही.

शुल्काबाबतही एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. निर्णय न्यायाचा होता. तथापि घेणारा आपली बोली ठरवताना हा खर्च मनात धरतोच. तो किती प्रमाणात शेतकऱ्यावर परत ढकलता येईल हे पुन्हा बोलणाऱ्यांच्या संख्येवरच ठरते.

एकाच पेठेवर विसंबण्यात जो धोका आहे तो २०२३ साली दिसून आला. ऑगस्ट महिन्यात केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि त्याच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी २० सप्टेंबरपासून लिलाव बंद ठेवले. ते ऑक्टोबरच्या आरंभी पूर्ववत झाले. चाळीत सडू लागलेला कांदा निषेधाची मुदत ओळखत नाही. अशा वेळी दुसरी पेठ, मग ती घोडेगावची असो, नेप्तीची असो की संगणकावरची, जिवंत असणे हेच शेतकऱ्याचे बळ होय. सगळी गर्दी एका चौकात जमली तर बोली चांगली होते हे खरे. पण त्या चौकाची किल्ली मोजक्या हातांत जाते हेही तितकेच खरे. म्हणून लहान पेठ थोडी तोट्यात दिसली तरी ती बंद करून मोठीत मिळवण्याची घाई होऊ नये, आणि ई-नामची धीमी चाल पाहून तिला निकालात काढण्याचीही घाई होऊ नये.

विस्तार कार्यकर्त्याने हंगामात आठवड्यातून एकदा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर भाव लिहिण्याची पद्धत चांगली आहे. परंतु केवळ सर्वांत चढा भाव लिहून शेतकऱ्याची दिशाभूल होते, कारण तो भाव कधी कधी दहा गोण्यांनाच मिळालेला असतो. त्याऐवजी बहुतेक माल ज्या भावाने गेला तो भाव, त्या दिवशीची आवक, बोली लावणारे साधारण किती होते आणि पट्टीचे पैसे किती दिवसांनी हाती आले, इतके चार आकडे प्रत्येक जवळच्या पेठेपुढे लिहावेत. भाडे, हमाली, तोलाई वजा जाता पदरात काय राहिले हे दोन-तीन शेतकऱ्यांच्या पट्ट्या पाहून कळते. पेठेची निवड गोणी शिवण्यापूर्वीच व्हावी. कारण मोकळ्या लिलावाच्या बाजारात गोणीबंद माल नेला तर त्या गोण्या फाटकापाशी उसवून ट्रॉलीत ओताव्या लागतात, आणि बारदान, सुतळी व भरणीची मजुरी तिन्ही वाया जातात.